लहान मास्क कुठे आहे?



एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या घराजवळ जे हॉस्पिटल आहे, जिथे रात्री दोन वाजताही दिवा चालू असतो, तिथे एक वर्षाच्या मुलाच्या तोंडावर नीट बसेल असा ऑक्सिजनचा मास्क आहे का? असेल तर तो कोणत्या कपाटात आहे? आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?

तुम्हाला हे माहीत नसेल तर तुमचा काही दोष नाही. पण अनेकदा त्या हॉस्पिटलातल्या ड्यूटी डॉक्टरलाही ते माहीत नसते. हा मात्र दोष आहे, आणि तो आम्हा डॉक्टरांचा आहे. आजचा लेख त्याबद्दल.

मी फिजिशियन आहे, बालरोगतज्ज्ञ नाही. मोठ्या माणसांचे बीपी, शुगर, हृदयविकार हे माझे रोजचे काम. मग मुलांविषयी मी का बोलतो? कारण अत्यवस्थ मुलाला घेऊन निघालेले आईबाप पाटीवरची पदवी वाचत नाहीत. जे दार उघडे दिसेल तिथे ते धावतात, आणि रात्रीच्या वेळी ते दार बहुधा माझ्यासारख्याचे असते.

ती तीन वर्षांची मुलगी

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी काम करत होतो. पावसाळा नुकताच सुरू झाला होता आणि गावोगावी जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढले होते. रात्री साडेअकराला एका जीपमधून तीन वर्षांच्या मुलीला आणले. दीड दिवस जुलाब चालू होते. "पाणी पाजलं की अजून होतंय, म्हणून बंद केलं," असे आई म्हणाली. डोळे खोल गेलेले, हातपाय गार, मनगटाला नाडी लागत नव्हती. पोरगी रडतसुद्धा नव्हती.

ऑक्सिजन सिलिंडर होता. मास्क मोठ्या माणसाचा. तो तिच्या कपाळापासून गळ्यापर्यंत आला आणि ऑक्सिजन बाजूने निघून गेला. वजनाचा काटा ओपीडीत आणि ओपीडीला कुलूप, त्यामुळे वजन अंदाजाने धरले. लहान मुलांच्या सलाइनच्या सुया संपल्या होत्या. मोठ्या सुईने मी आणि सिस्टर दोघांनी हात, पाय, डोके सगळीकडे शीर शोधली. पस्तीस मिनिटे गेली. शेवटी मी तेच केले जे आपल्याकडे सगळे करतात. म्हणालो, "जिल्ह्याला न्या, लगेच."

ती जिल्ह्याला पोहोचली नाही.

तिला मारणारा आजार काही दुर्मीळ नव्हता. त्याचा इलाज मीठ, साखर आणि पाणी हा होता. आणि शीर सापडत नसेल तर नडगीच्या हाडात, गुडघ्याच्या थोडे खाली, जाड सुई घालून तिथून सलाइन देता येते. हाडातल्या मगजातून ते थेट रक्तात जाते. ही पद्धत मी पुस्तकात वाचली होती, परीक्षेत लिहिली होती. पण हाताने एकदाही केली नव्हती, आणि त्या रात्री मला ती आठवलीही नाही. मी हुशार नव्हतो असे नाही. मी तयार नव्हतो. हुशारी आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या मुलीने शिकवले.

मूल म्हणजे छोटा माणूस नव्हे

"मोठ्यांचा इलाज निम्म्या प्रमाणात करायचा" असा एक समज लोकांत असतो, आणि खरे सांगायचे तर काही डॉक्टरांतही. तो चुकीचा का आहे, ते थोडक्यात पाहू.

मोठ्या माणसाच्या बाबतीत अचानक हृदय बंद पडते आणि मग श्वास थांबतो. मुलांचे बहुधा उलटे असते. आधी श्वास खालावतो, मुलाचे शरीर थकत जाते आणि सगळ्यात शेवटी हृदय थांबते. म्हणजे मुलांच्या बाबतीत आपल्याला इशारा मिळतो, वेळ मिळते. पण ती वेळ वापरायची तर श्वास सांभाळण्याचे साहित्य त्याच्या मापाचे हवे. माप चुकले की हवा फुप्फुसात जाण्याऐवजी बाहेर जाते.

मुलाची श्वासनलिका अरुंद असते. नळीचा व्यास निम्मा झाला तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होतो. म्हणूनच ज्या सर्दीने किंवा सुजेने आपण फक्त खोकतो, त्याने बाळाचा जीव घाबरा होतो.

रक्ताचेही तसेच. मुलाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ८० मिली रक्त असते. दहा किलोच्या मुलात सगळे मिळून ८०० मिली, म्हणजे एका पाण्याच्या बाटलीपेक्षाही कमी. आपल्याला जो "एक कप रक्त गेलं" एवढा प्रकार वाटतो, तो त्याच्या एकूण रक्ताचा पाचवा हिस्सा असू शकतो.

औषधाचा डोस किलोवर ठरतो. वजन केले नाही तर डोस अंदाजाने जातो. घाईत दशांश चिन्ह एक घर सरकले की डोस दहापट होतो किंवा एक दशांश. म्हणून केसपेपरवर मुलाचे वजन किलोमध्ये लिहिलेले असणे ही कारकुनी बाब नाही, तो उपचाराचा भाग आहे.

आणि सगळीकडे "कमी द्या" हा नियमही लागत नाही. सर्पदंशात मुलालाही मोठ्या माणसाइतकेच प्रतिविष द्यावे लागते. कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही आणि प्रतिविषाला निष्प्रभ करायचे असते ते विष, मुलाचे वजन नव्हे. हे माहीत नसलेला डॉक्टर चांगल्या हेतूने अर्धाच डोस देतो.

मोठी मशीन्स लागत नाहीत

आता कोणी म्हणेल, हे सगळे पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांना शक्य आहे, आपल्याकडे कुठून आणायचे? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात दोनदा दिले गेले आहे.

पहिले उत्तर कोकणातले. लाल विंचवाच्या दंशाने तिथे माणसे मरत, त्यात मुले पुष्कळ असत. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात, महाडच्या परिसरात काम करताना प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी विंचूदंशावर वापरली. जिथे पूर्वी गंभीर रुग्णांपैकी तीस-चाळीस टक्के दगावत, तिथे हे प्रमाण अगदी थोड्यावर आले. वेगळे काय केले? रुग्णाजवळ बसून निरीक्षण केले आणि योग्य गोळी योग्य वेळी हाताशी ठेवली.

दुसरे उत्तर गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला छोट्या मास्कने श्वास कसा द्यायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कसे द्यायचे, सगळे शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. नवजात बालमृत्यूंमध्ये ६२ टक्के घट झाली होती. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच कल्पना देशभर नेण्यात आली.

विचार करा. गडचिरोलीच्या झोपडीत, कंदिलाच्या उजेडात, गावातल्या बाईच्या पिशवीत बाळाच्या मापाचा मास्क होता. आणि आपल्या एसी वेटिंग रूमच्या हॉस्पिटलात तो सापडत नाही. याला गरिबी म्हणायचे की बेफिकिरी?

परदेशातला अनुभवही हेच सांगतो. आफ्रिकेतल्या मलावी या अत्यंत गरीब देशात, ब्लँटायर शहरातल्या सरकारी हॉस्पिटलात, दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी १० ते १८ दगावत होती. तिथे त्यांनी मुलांची रांग लावण्याची पद्धत बदलली. मूल दारातून आत येताच कर्मचारी पाहणार: हे अत्यवस्थ आहे का, याला आधी घ्यायचे का, की हे थांबू शकते? अत्यवस्थ मुलाचा केसपेपर नंतर, उपचार आधी. कर्मचाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण दिले. मृत्यू शंभरात ६ ते ८ वर आले.

अमेरिकेत पैशाची कमतरता नाही. तिथे २०१३ साली हजारो हॉस्पिटलांच्या आपत्कालीन विभागांना मुलांसाठीच्या तयारीचे शंभरपैकी गुण दिले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की सर्वांत तयार हॉस्पिटलांत गंभीर आजारी मुलांच्या मृत्यूची शक्यता सर्वांत कमी तयार हॉस्पिटलांच्या सुमारे एक चतुर्थांश होती. हे गुण कशाचे होते? वजन किलोत लिहिता का, सगळ्या मापांचे साहित्य आहे का, आणि मुलांच्या तयारीची जबाबदारी एका ठरावीक डॉक्टरवर किंवा नर्सवर दिली आहे का, अशा गोष्टींचे. म्हणजे पैसा असूनही तयारी आपोआप होत नाही, आणि पैसा नसतानाही ती करता येते.

आमच्या सबबी

माझ्याच व्यवसायबंधूंकडून मी ज्या सबबी ऐकतो, आणि एकेकाळी मी स्वतः ज्या दिल्या, त्या पाहू.

"आम्ही बालरोगतज्ज्ञांना कॉल करतो ना!" जरूर करावा. पण ते घरून येईपर्यंतची वीस मिनिटे कोणाची? ती वीस मिनिटे ड्यूटी डॉक्टर आणि सिस्टरची असतात. मुलाचे पुढचे बरेचसे भवितव्य तेवढ्यातच ठरते.

"मोठ्या हॉस्पिटलला पाठवतो." पाठवणे चुकीचे नाही. श्वास न सांभाळता, फिट न थांबवता, सलाइन न लावता, पुढच्या हॉस्पिटलला फोनही न करता पाठवणे चूक आहे. तसे पाठवणे म्हणजे रुग्ण हलवणे नव्हे, जबाबदारी हलवणे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे, की जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार देणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे.

"खर्च कोण करणार?" तीन-चार मापांचे मास्क, लहान आणि नवजात बाळासाठी हाताने श्वास देण्याचे फुगे, बारीक सुया, हाडात घालायची सुई, बाळाच्या बोटाला किंवा पावलाला लागणारा ऑक्सिमीटरचा प्रोब, फिट थांबवणारे नाकात मारायचे औषध, दम्यासाठी स्पेसर. हे सगळे मिळून रिसेप्शनमधल्या भिंतीवरच्या टीव्हीच्या किमतीत बसावे.

"असे मूल महिन्यातून एखादेच येते." ही सबब सगळ्यात प्रामाणिक आहे आणि म्हणूनच तिचे उत्तर नीट दिले पाहिजे. जे रोज घडते त्याचा हात आपोआप बसतो. जे क्वचित घडते त्याचा सराव मुद्दाम करावा लागतो. आग रोज लागत नाही म्हणून आपण अग्निशामक सिलिंडर काढून टाकतो का? महिन्यातून एकदा, अर्धा तास, एका बाहुलीवर सराव. एक जण श्वास देणार, एक जण छाती दाबणार, एक जण डोस सांगणार, एक जण वेळ लिहिणार. मी आता जिथे काम करतो तिथे आम्ही हे करतो. पहिल्या सरावात आम्हाला छोटा मास्क शोधायला चार मिनिटे लागली होती. आता पेटी दाराजवळ लाल रंगाची आहे, तिला कुलूप नाही, आणि ती तपासल्याची सही दर सोमवारी एक सिस्टर करतात.

"मुलाला काही झाले तर नातेवाईक तोडफोड करतात." ही भीती खोटी नाही. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तरीही हल्ले होतात. म्हणून तुम्हालाही एक सांगतो. मूल गेल्यावर काचा फोडून काहीच मिळत नाही. मूल धडधाकट असताना प्रश्न विचारलेत, तर त्या काचेमागचे कपाट भरलेले राहील.

तुम्ही काय विचारायचे

कोणतेही हॉस्पिटल मागणी नसलेली गोष्ट ठेवत नाही. रूममध्ये टीव्ही आहे का, मेडिक्लेम कॅशलेस आहे का, हे आपण विचारतो, म्हणून ते असते. आता हे पाच प्रश्न विचारा. नम्रपणे विचारा, पण विचारा.

१. रात्री ड्यूटीवर असलेल्या डॉक्टर आणि सिस्टरने मुलांना श्वास देण्याचे आणि छाती दाबण्याचे प्रशिक्षण घेतले आहे का?

२. नवजात बाळापासून मोठ्या मुलापर्यंत सगळ्या मापांचे मास्क आणि श्वास देण्याचे फुगे आहेत का? ते कोण तपासते?

३. प्रत्येक मुलाचे वजन किलोत करून केसपेपरवर लिहिता का?

४. अत्यवस्थ मूल आले तर ते पैसे आणि केसपेपरच्या आधी आत घेतले जाते का?

५. पुढे पाठवायची वेळ आली तर कोणत्या हॉस्पिटलला, कोणत्या ॲम्ब्युलन्सने, आणि सोबत कोण जाणार, हे आधीच ठरलेले आहे का?

शाळेच्या पालकसभेतही विचारा. गॅदरिंगच्या मंडपावर चर्चा होते, तशी दहा मिनिटे यावरही होऊ दे: डब्यातला घास मुलाच्या घशात अडकला तर वर्गातल्या बाईंना काय करायचे ते शिकवले आहे का? आणि ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत विचारा: आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळाचा मास्क आहे का, आणि १०८ च्या गाडीत आहे का?

आणि घरी

हॉस्पिटलला जाब विचारताना आपल्या घराची तयारीही पाहू.

जुलाब सुरू होताच पहिल्या तासापासून ओआरएस द्या. पाणी बंद करू नका. पाणी दिल्याने जुलाब वाढत नाहीत, पाणी न दिल्याने मूल दगावते. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाला, छोटे असेल तर पाकिटावर लिहिलेल्या मापात. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याने, हळूहळू. अंगावरचे दूध चालूच ठेवा. गोड पेयांवर 'ओआरएस' छापून ती विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली. तरीही पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिले आहे का, ते वाचूनच घ्या.

फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर ती आणीबाणी आहे.

रॉकेल प्यायल्यास उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. ते फुप्फुसात गेले तर जास्त घातक. भाजल्यास वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद नको. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे, चणे देऊ नका.

आणि ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका: श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे, ओठ निळसर होणे, दूध किंवा पाणी ओढता न येणे, हाक मारली तरी डोळे न उघडणे, हातपाय गार पडणे. मूल शांत झोपले असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळात ६०, एक वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील, तर त्याच वेळी डॉक्टरांकडे जा. खूप रडणाऱ्या मुलापेक्षा रडायचे बंद झालेले आजारी मूल जास्त धोक्यात असते.

त्या मुलीचे वडील मला नंतर एकदा बाजारात भेटले. त्यांनी नमस्कार केला, म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही लई धडपड केलीत." मला त्यांच्याकडे पाहवले नाही. धडपड मी केली होती, ते खरेच होते. पण धडपड करावी लागते ती तयारी नसते तेव्हा.

येत्या आठवड्यात कुठल्याही कारणाने हॉस्पिटलात गेलात, तर बिलाच्या खिडकीवर उभे असताना एवढेच विचारा: "लहान मुलाचा मास्क कुठे आहे हो?" उत्तर लगेच मिळाले तर त्यांचे आभार माना. नाही मिळाले, तर पुढच्या वेळी गेल्यावर पुन्हा विचारा.